बत्तीसपैकी अठ्ठावीस

१

बाबांचा शेवटचा साधा दिवस बुधवार होता. इतका साधा, की सकाळी माझ्या चहाच्या कपात स्क्रू निघाला.

"बाबा, हे काय?"

"तो तिथे होय!" ते आनंदानं म्हणाले. "मी तासभर त्याला शोधतोय."

घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं वर्कशॉप होतं. लोक बंद पडलेले, टीव्हीला जोडून खेळायचे गेम कन्सोल आणून देत आणि बाबा ते उघडून दुरुस्त करत. मशीनच्या पोटातले स्क्रू हाताला लागेल त्या भांड्यात ठेवायची त्यांची सवय. मी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते. त्या दिवशी काम घरी आणलं होतं. दुपारी ते हातानं लिहिलेली दोन पानं घेऊन माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"बाईसाहेब, एवढं नजरेखालून घालता का? संध्याकाळी पाकीट द्यायचंय."

पाकीट म्हणजे काय ते सांगायला हवं. बाबा धरून पाच जणांचं एक मंडळ होतं. नवं कन्सोल येणार अशी घोषणा झाली, की त्याच्या आत कसली चिप असेल, तिच्यात किती कोअर, म्हणजे हिशेब करणारे किती मेंदू, असतील, कुठली नवी करामत असेल, याचा प्रत्येकानं अंदाज बांधायचा. तो कागदावर लिहून पाकिटात घालायचा, पाकीट चिकटवून झाकणावर सही करायची आणि ते मंडळातल्याच मास्तरांच्या पेटीत ठेवायचं. मशीन बाजारात आलं, की पेटी उघडायची. ज्याचा अंदाज सर्वांत जवळचा, त्याचं नाव मास्तरांच्या घरातल्या फळ्यावर रंगानं लिहायचं आणि हरलेल्यांनी जाऊन त्याचा पसारा आवरून द्यायचा. बाबांचं वर्कशॉप आजवर सात वेळा लख्ख झालं ते केवळ यामुळे. एरवी तिथे पाय ठेवायला जागा नसे.

मी पानं घेतली, लाल पेनानं सात वेलांट्या सुधारल्या, दोन स्वल्पविराम घातले आणि परत दिली.

"वाचलंस?" त्यांनी विचारलं.

"तपासलं," मी म्हटलं आणि माझ्या भूगोलाच्या पुस्तकाकडे वळले.

ते जरा वेळ तसेच उभे राहिले. मग पानं पुन्हा स्वच्छ उतरवायला निघून गेले. संध्याकाळी पाकीट मास्तरांकडे देऊन आले, जेवले, पंख्याच्या आवाजावरून माझ्याशी वाद घातला आणि जिंकले.

गुरुवारी सकाळी मी वर्कशॉपचं दार उघडलं तेव्हा ते खुर्चीत बसलेले होते. समोर एक मशीन उघडं होतं. सोल्डरिंगची गन अजून तापलेलीच होती. मी आधी तिचं बटण बंद केलं, मग बाबांना हात लावला. असं का केलं ते मला अजून कळलेलं नाही.

तीन महिन्यांनी, एका शनिवारी दुपारी, मास्तरांचा फोन आला.

"पोरी, आज पेटी उघडली. तुझ्या बाबांच्या पाकिटात एक कागद निघालाय." ते थांबले. "चोरीचा आहे."

२

तासाभरात मास्तर आणि काका घरी आले. मास्तर म्हणजे निवृत्त विज्ञानशिक्षक, मंडळाच्या पेटीचे आणि नियमांचे राखणदार. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. इंटरनेटवर गेमच्या बातम्या सांगणारं त्यांचं एक चॅनल आहे, ते मुख्यतः आम्ही घरचेच बघतो.

मास्तरांनी प्लास्टिकची फाइल माझ्यासमोर ठेवली. "नियमानं पाकीट ज्याचं, त्याच्या घरी परत जातं. सगळं आहे यात. बघ."

आत कडेनं कापलेलं पाकीट होतं, बाबांची दोन पानं होती आणि एक तिसरा कागद. त्याच्यावर चिपचा नकाशा होता. विमानातून एखादं शहर दिसावं तशा चौकोनी वस्त्या आणि सरळ गल्ल्या. कोपऱ्यात ‘गोपनीय’ असा शिक्का, शेजारी लांबलचक क्रमांक आणि तळाशी एक ओळ: बत्तीसपैकी अठ्ठावीस कोअर चालू.

"तोच हा," काका हळू आवाजात म्हणाले.

तो नकाशा मीही पाहिला होता. दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी आपलं नाव न सांगता तो इंटरनेटवर टाकला होता, मशीन बाजारात यायच्या कितीतरी आधी. कागदावरच्या क्रमांकावरून कंपनीनं माग काढला आणि तो माग आमच्याच शहरातल्या एका तपासणी प्रयोगशाळेपाशी येऊन थांबला. तिथे भिंग काम करतो. भिंग हे काही त्याचं खरं नाव नाही. तो दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसतो, म्हणून बाबांनी ते ठेवलेलं. तोही मंडळातला. ज्या वर्षी प्रयोगशाळेत नव्या कन्सोलची चिप तपासायला येई, त्या वर्षी तो पेटीत पाकीट टाकत नसे, इतका सरळ. पण कागद त्याच्या विभागातून गेला होता, म्हणून त्याला कामावरून बाजूला बसवून चौकशी लावली होती.

"नऊ दिवसांनी, सोमवारी, चौकशीचा निकाल आहे," काका म्हणाले. "कागद दादाकडे होता असं तू लिहून दिलंस, की भिंग सुटला."

"बाबांकडे तो आला कुठून?"

"दुरुस्तीला शंभर लोक येतात, प्रयोगशाळेतलेही येतात. कुणीतरी विसरलं असेल. दादाला मोह झाला."

"आणि इंटरनेटवर कुणी टाकला? तोवर बाबा नव्हते."

"आणखी कुणाला दाखवला असेल त्यानं. ते आता कोण सांगणार?" काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. "मला दाखवला होता, चिमणे. जायच्या आदल्या आठवड्यात, इथेच, वर्कशॉपमध्ये. हे खाली अठ्ठावीस लिहिलंय ना, त्याच्यावर बोट ठेवून म्हणाला, ‘बघ, चार बंद ठेवलेत लेकाच्यांनी.’ मी म्हटलं, दादा, फाडून टाक. तर हसला. मी कुणाला सांगणार नव्हतो गं. पण आता पाकिटातूनच निघालं, तर काय करू?"

मास्तर भिंतीकडे बघत होते. "कड मी सर्वांसमोर कापली. झाकणावरची सही जशीच्या तशी होती. पाकीट तुझ्या बाबांनीच बंद केलेलं, यात शंका नाही."

"मग आता फळ्याचं?"

"सातही ठिकाणचं नाव खोडावं लागेल. नियम आहे, पोरी. मीच केलेला आहे."

काकांनी टाइप केलेला एक कागद पुढे सरकवला. ‘माझ्या दिवंगत वडिलांच्या ताब्यात,’ अशी त्याची सुरुवात होती. "पुढच्या रविवारी मंडळासमोर सही कर. दादाला आता काय फरक पडणार आहे? भिंगच्या दोन मुली शाळेत आहेत."

मी त्यांना पाणी विचारलं. दोघंही नको म्हणाले.

‘बाबा असं करणार नाहीत,’ हे वाक्य मी एकदाही उच्चारलं नाही. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

३

गुरुवारी संध्याकाळी मी सही करायला बसले. सोबत जोडलेलं वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही आमच्या धंद्यातली खोड. म्हणून बाबांची दोन पानं समोर ओढली आणि पहिल्यांदाच वाचली.

‘कंपनी सांगते, जुने खेळ नव्या मशीनवर चालतील,’ बाबांनी लिहिलं होतं. ‘जुन्या चिपमध्ये चौदा कोअर होते आणि जुन्या खेळांना चौदांचीच सवय आहे. म्हणून नव्या चिपमध्ये चौदाची दुप्पट, म्हणजे अठ्ठावीस चालू असणं सोयीचं. पण चिपवर कोरलेले मात्र बत्तीस असणार. कुठलाच कारखाना हवे तेवढेच कोअर कोरत नाही. इतक्या बारीक कामात थोडे बिघडणारच, म्हणून चार जास्तीचे. त्यातले किती चालू ठेवायचे, हे पहिली खेप तपासल्यावर ठरतं. खेप चांगली निघाली तर कंपनी हावरेपणानं तीस चालू ठेवील आणि जुन्या खेळांची सोय दुसरीकडून लावील. वाईट निघाली तर अठ्ठावीसवर येईल. मी अठ्ठावीस म्हणतो, कारण नव्या मशीनच्या फोटोतली पंख्याची जाळी बघा. तिसांची उष्णता तेवढ्या जाळीतून बाहेर पडणार नाही. पण खरं उत्तर आज कंपनीलाही ठाऊक नाही.’

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. ज्याच्या हातात उत्तर आहे तो माणूस असं लिहील? लिहील, माझ्या मनानं सांगितलं. चोर सावध असेल तर मुद्दाम लिहील.

पानं परत पाकिटात घालायला घेतली. बाबांकडे एकाच मापाची लहान पाकिटं असत. कधीतरी घाऊक घेतली होती, ती दहा वर्षं पुरली. कागद अर्धा आणि पुन्हा अर्धा, अशी चार भागांची घडी घातली तरच त्यात मावे. बाबांची पानं तशीच दुमडलेली होती. ती सरकन आत गेली.

तिसरा कागद जाईना.

त्याला तीन भागांची घडी होती, लांब, अरुंद. पाकिटाबाहेर तो चार बोटं उरत होता. मी तो उलगडून दिव्याखाली धरला. दोन आडव्या घड्या, बस्स. उभी घडी नव्हती, दाबल्याची खूण नव्हती. कागद एकदा दुमडला की ती रेघ जात नाही. मी पंधरा वर्षं कागदच हाताळतेय.

हा कागद या पाकिटात कधी गेलाच नव्हता. तो टेबलावर आला होता, पेटी उघडली त्या दिवशी. आणि त्या टेबलाशी तिघंच होते: मास्तर, काका आणि मंडळातलीच भिंगची थोरली बहीण, जिला सगळे ताई म्हणतात.

तिघांपैकी एकानं माझ्या मेलेल्या बापाला चोर ठरवलं होतं.

४

शुक्रवारी सकाळी मास्तरांकडे गेले. फळा समोरच होता. बाबांचं नाव सात वेळा, वेगवेगळ्या रंगांत. बाजूला खुर्चीवर रंगाचा डबा आणि खरवडायची पट्टी तयार ठेवलेली.

"मास्तर, कागद पाकिटातून निघताना तुम्ही पाहिलात?"

"म्हणजे काय! पाकिटातूनच..." ते थांबले. "मी कड कापली. पानं काढली. चष्मा दुकानात होता, म्हणून न बघताच ताईकडे दिली."

"किती पानं?"

"मोजली नाहीत."

"मग तिसरा कागद?"

"टेबलावर होता. बाकीच्या पानांखाली." त्यांनी कपाळ चोळलं. "निघताना मी नाही पाहिला. पोरी, असं उलटतपासणीसारखं का विचारतेयस?"

"कारण तुम्ही सहा वेळा दुसरे आलात."

मला वाटलं ते चिडतील. ते हसले, पण ते हसणं काही बरं नव्हतं.

"सात वेळा. आणि सातही वेळा मी त्याच्या वाट्यांतले स्क्रू निवडत बसलोय. राग यायचा, नाही असं नाही. या खेपेला वाटलं, आता आपला नंबर. मग म्हटलं, कोणाला हरवून?" त्यांनी रंगाच्या डब्याचं झाकण घट्ट केलं. "तू काय शोधतेयस ते मला सांगू नकोस. रविवारपर्यंत पट्टी लावत नाही, एवढं करतो."

तिथून ताईच्या दुकानात गेले. ती गेम विकते. नव्या कन्सोलची खोकी छतापर्यंत रचलेली होती आणि ती स्टुलावर चढून त्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती.

"मी ठेवला असं वाटतंय ना तुला?" तिनं वरूनच विचारलं. "सरळ विचार की. घुटमळतेस कशाला?"

"बाबांचं नाव पुढे आलं तर तुमचा भाऊ सुटतो."

"सुटतो. आणि तू सही केलीस तर मी सगळ्यांसमोर तुझे पाय धरीन. पण कागद मी ठेवला नाही." ती खाली उतरली. "मी पानं मोठ्यानं वाचली. दोनच होती. मग तुझ्या काकांनी फोटो काढायला मागितली. उभे राहून मोबाइल धरत होते, पानं सारखी करत होते. मग म्हणाले, ‘अरे, आणखी एक?’"

"काका म्हणाले?"

"हो. पण मास्तर माझ्या कोपराला लागून बसले होते. कुणाच्या हातातून आला ते शपथेवर नाही सांगणार मी. मी तोवर दुकानात यायच्या खोक्यांबद्दल फोनवर बोलत होते."

मी निघाले. तिनं माझा दंड धरला. तिचा हात गार होता.

"कुठे निघालीस?"

"भिंगकडे. त्यांनी तो कागद अजून पाहिलेला नाही."

"नको जाऊस." तिचा आवाज एकदम उतरला. "त्याला दाखवलास तर तो खरं बोलेल. लहानपणापासून तेच. आणि मग तो कायमचा घरी बसेल. तुझा बाप गेलाय, बाई. माझा भाऊ आहे."

५

भिंगनं दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात मुलीचा बूट होता. टाच चिकटवत होता. महिनाभर घरी बसून त्यानं घरातली प्रत्येक मोडकी वस्तू जोडली होती; टेबलावर आणखी काही मोडायची वाट बघत डिंकाच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या.

मी कागद पुढे ठेवला. "हा बाबांकडे होता म्हणतात. ते जायच्या आधीपासून."

त्यानं कागद हातात घेतला नाही. नुसता वाकून बघत राहिला, सूक्ष्मदर्शकात बघावं तसा, एक डोळा बारीक करून. नजर तळाच्या ओळीपाशी थांबली.

"कोण म्हणतं?" त्यानं विचारलं.

"आधी मला सांगा, हे खरं असू शकतं का?"

आतल्या खोलीत मुली पाढे म्हणत होत्या. तो उठला, मधलं दार लावून आला.

"तुमचे बाबा गेले आणि मी जवळजवळ महिनाभर भेटायला आलो नाही. राग आला असेल."

"आला होता."

"आधी दोन आठवडे तयारी चालली, मग तिसऱ्या आठवड्यात पहिली खेप आली. प्रयोगशाळेतून बाहेर पडायची बंदी होती. तोवर कंपनी तीस कोअर म्हणत होती. सगळ्या कागदांवर तीसच. पण खेप वाईट निघाली. तीस चांगले असलेले तुकडे शंभरात वीससुद्धा भरेनात, म्हणून मग अठ्ठावीसवर उतरले. हा कागद त्यानंतर छापला." त्यानं शेवटच्या ओळीखाली बोट ठेवलं. "तुमचे बाबा होते तोवर ‘अठ्ठावीस चालू’ असं छापलेला कागद जगात नव्हता. मोठ्या साहेबांच्या टेबलावरसुद्धा नव्हता."

मी कागद जवळ ओढून ती ओळ पुन्हा वाचली. कारण त्या अठ्ठावीसवर बाबांनी बोट ठेवल्याचं एका माणसानं पाहिलं होतं. डोळे पुसत पुसत सांगितलं होतं.

"तो प्रयोगशाळेबाहेर गेला कसा?" मी विचारलं.

भिंगनं डिंकाची बाटली सरळ केली, पुन्हा वाकडी केली.

"मी आणला होता घरी. बंदी उठल्यावर, एका रविवारी. खेपेनं डोळे शिणले होते, म्हटलं, घरच्या उजेडात निवांत बघू. नियमाविरुद्ध आहे. चौकशीत हे मी सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी न्यायला गेलो तर जागेवर नव्हता."

"त्या रविवारी घरी कोण आलं होतं?"

"एकच माणूस. चहाला." त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला वाईट वाटत होतं ते स्वतःसाठी नव्हतं. "तुमचे काका."

मधल्या दाराआड मुली तेराच्या पाढ्यावर अडल्या होत्या.

"परवा मंडळात हे सांगाल?"

"सांगितलं तर नोकरी गेली."

"हो," मी म्हटलं. दुसरं काही म्हणता येत नव्हतं.

त्यानं बूट उचलला आणि टाच दाबून धरली.

६

रविवारी अकरा वाजता मास्तरांच्या खोलीत आम्ही चौघं बसलो. पाचवी खुर्ची रिकामी होती. ताईनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. काकांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्यासमोर ठेवलं.

"चिमणे, लवकर उरकू. उगाच जीव जाळत बसण्यात अर्थ नाही."

मी पाकीट टेबलावर ठेवलं. "मास्तर, हा कागद यात घालून दाखवा."

त्यांनी आडवा घालून पाहिला, मग तिरपा. मग थांबले. नव्या चष्म्यातून घडीच्या रेघा पाहिल्या, कागद उलटा केला, पुन्हा पाहिला. "हा तर यात..."

"कधीच नव्हता. टेबलावर आला तो कुणाच्या तरी खिशातून."

"दादानं वेगळा ठेवला असेल," काका म्हणाले. "पेटीत पडला असेल सुटा. त्यात काय एवढं?"

"असेल. काका, बाबांनी तुम्हाला कागद दाखवला तेव्हा बोट कशावर ठेवलं होतं?"

"सांगितलं की. अठ्ठावीसवर."

"नक्की? तीस नव्हतं लिहिलेलं?"

"अगं, डोळ्यांसमोर आहे माझ्या! ही खालची ओळ. अठ्ठावीस. मी काय वेडा आहे?"

"बाबांनी पाकिटात लिहिलंय की खरं उत्तर आज कंपनीलाही ठाऊक नाही. ते बरोबर होतं. पहिली खेप बाबा गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात आली. अठ्ठावीस हा आकडा तेव्हा ठरला. तुम्ही पाहिलंत ते बोट कुणाचं होतं, काका?"

काकांचा चेहरा पांढरा पडला, पण आवाज शाबूत होता. "हे तुला कोण सांगतं? तू मुद्रितं तपासतेस, बाई. खेपा नाही. आहे का कुणी सांगणारा?"

सांगणारा एकच होता आणि त्याची खुर्ची रिकामी होती. काकांनी पेन आणखी जवळ सरकवलं. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि मला वाटलं, संपलं.

जिन्यावर पावलं वाजली. ताईनं डोळे मिटून घेतले.

"मी सांगतो," भिंग दारातूनच म्हणाला. त्याला धाप लागली होती. "तारीख मी सांगतो. आणि कागद माझ्या घरून गेला, मी नियम मोडून आणला होता, हेही लिहून देतो. त्या रविवारी तुम्ही चहाला आला होतात, काका. दोन कप घेतलेत."

काका फळ्याकडे वळले.

"लाखो लोकांनी पाहिला तो," ते म्हणाले. "वीस वर्षं बडबडतोय मी त्या चॅनलवर. वाटलं, एकदा तरी सगळ्यांच्या आधी माझ्याकडे काहीतरी असावं. दादाकडे नेहमीच असायचं. पण स्वतःचं नाव घालायची छाती झाली नाही. मग भिंगला घरी बसवलं. मला अन्न गोड लागेना. म्हटलं, दादा तर गेलाच आहे. त्याला काय दुखणार आता?"

"मला दुखलं," मी म्हटलं.

"तो असता तर त्यानं माझ्यासाठी आळ घेतला असता स्वतःवर. तुला माहितेय."

"कदाचित घेतलाही असता. पण तेव्हा तुम्हाला आधी त्यांना विचारावं लागलं असतं."

त्यांनी मान खाली घातली. मास्तरांनी कोरा कागद त्यांच्यासमोर ठेवला, मी त्यांचंच पेन उचलून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी लिहिलं. अक्षर बाबांसारखंच होतं. मला ते बघवेना. भिंगनं खाली आपल्या चार ओळी जोडल्या. त्याची नोकरी राहील की जाईल हे सोमवारी कळणार होतं. ताईनं त्याच्या पाठीवर जोरात एक धपाटा घातला आणि मग हात तिथेच ठेवला. काका जिना उतरून गेले. त्यांना थांबवायला कुणी उठलं नाही. मीही नाही.

मास्तरांनी रंगाचा डबा उघडला. "आठव्यांदा," ते म्हणाले. ब्रश बुडवून फळ्यापाशी गेले आणि रिकामी जागा शोधत उभे राहिले.

"एक सांग," ताई माझ्याकडे वळली. तिचे डोळे लाल होते. "आम्ही सगळे डळमळलो. मी तर तुला सही कर म्हणाले. तुला पहिल्यापासून एवढी खात्री कशी होती गं?"

त्या प्रश्नाला चांगलं उत्तर देता आलं असतं. मुलगी म्हटल्यावर खात्री असतेच, असं काहीतरी. तिघंही त्याचीच वाट बघत होते.

"नव्हती," मी म्हटलं. "शनिवारपासून गुरुवारपर्यंत मी धरून चालले होते की बाबांनी चोरी केली. तुम्ही सहीवर विश्वास ठेवलात, पाकिटावर ठेवलात. मला तेवढंही लागलं नाही. कागद बघितल्या बघितल्या मी मनात म्हटलं, हं, म्हणजे असे सात वेळा जिंकले तर."

मास्तरांच्या ब्रशवरून रंगाचा थेंब फरशीवर पडला. मी फळ्याकडे तोंड केलं. पुढचं त्या तिघांसाठी नव्हतं, पण मोठ्यानंच म्हणायचं होतं.

"एका फोटोतल्या पंख्याच्या जाळीवरून तुम्ही एवढं ओळखू शकता, असं मला वाटलंच नाही, बाबा. मला तुम्ही नुसते दुरुस्तीवाले वाटायचात. जन्मभर. तुम्ही समोर उभे असतानासुद्धा."